ऑगस्टाचा रविवार

गोल्फची मोठी स्पर्धा प्रत्यक्ष बघायला गेलेल्या माणसाला स्पर्धा फारशी दिसत नाही. वानखेडेवर सगळ्यात वरच्या रांगेत बसलेल्यालाही प्रत्येक चेंडूचं काय झालं ते कळतं. गोल्फमध्ये अठरा होल शेकडो एकरांत विखुरलेले, मध्ये टेकाडं, ओढे, उंच पाइनची झाडी. आणि शेवटच्या दिवशी पन्नासच्या आसपास खेळाडू दोघादोघांच्या जोडीने एकाच वेळी या पसाऱ्यात कुठे ना कुठे खेळत असतात. तुम्ही सातव्या होलपाशी उभे असता, तेव्हा निकाल पंधराव्यावर लागत असतो. पुण्यात विसर्जनाच्या रात्री जो पेच पडतो तोच इथे: अलका चौकात ठाण मांडून एकेक मंडळ समोरून जाताना बघायचं, की आपल्या मंडळाच्या ढोलामागे रात्रभर चालायचं? एका जागी बसलात तर सगळे खेळाडू दिसतात, पण प्रत्येकाचे दोन-तीनच फटके. एकाच्या मागे चाललात तर त्याची अख्खी फेरी दिसते, तीही पुढच्यांच्या डोक्यांमधून, आणि बाकीच्यांचं काय चाललंय याचा पत्ता नाही.

तरीही अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या ऑगस्टा गावी दर एप्रिलमध्ये माणसं जातात, आणि जायला मिळावं म्हणून वर्षानुवर्षं वाट बघतात. मास्टर्स स्पर्धेच्या चारही दिवसांच्या प्रवेशबिल्ल्यासाठीची प्रतीक्षायादी १९७२ मध्ये सुरू झाली, ती इतकी फुगली की १९७८ मध्ये बंद करावी लागली. आता सामान्य माणसाला एका दिवसाच्या तिकिटासाठी सोडतीत नाव घालायचं आणि देवावर हवाला ठेवायचा, एवढंच हातात उरतं. इतकं करून आत गेल्यावर दिसणार किती, तर वर सांगितलं तेवढं.

मला वाटतं ते लोक बघायला जातच नाहीत. ते ऐकायला जातात.

ज्यांनी गोल्फ कधी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी आधी हिशेब. प्रत्येक होलमध्ये किती फटक्यांत चेंडू जायला हवा हे ठरलेलं असतं, त्याला पार म्हणतात. एक फटका कमी लागला तर बर्डी, दोन कमी लागले तर ईगल. एक जास्त लागला तर बोगी, दोन जास्त तर डबल बोगी. ग्रीन म्हणजे होलभोवतीची तुळतुळीत कापलेली हिरवळ, आणि तिच्यावर चेंडू घरंगळवत होलकडे नेण्याच्या फटक्याला पट म्हणतात. चार दिवस, रोज अठरा होल, ज्याचे फटके सर्वांत कमी तो विजेता. बस्स. बाकीचे नियम गोल्फ खेळणाऱ्यांनाही धड पाठ नसतात.

पुरुषांच्या चार मेजर, म्हणजे सर्वांत मानाच्या, स्पर्धांपैकी बाकीच्या तीन दरवर्षी मैदान बदलतात. मास्टर्स तेवढी १९३४ पासून एकाच जागी, ऑगस्टा नॅशनल क्लबवर होते. ही जमीन पूर्वी फ्रूटलँड नर्सरी नावाची रोपवाटिका होती. बॉबी जोन्स या त्या काळच्या सर्वश्रेष्ठ हौशी गोल्फरने आणि क्लिफर्ड रॉबर्ट्स या गुंतवणूक व्यावसायिकाने तिथे क्लब उभारला. मैदान अ‍ॅलिस्टर मॅकेन्झीने जोन्सच्या साथीने आखलं. रोपवाटिकेची आठवण म्हणून प्रत्येक होलला एकेका झाडाचं नाव आहे. दहावा कॅमेलिया, बारावा गोल्डन बेल, तेरावा अझेलिया. टीव्हीवर हे मैदान गालिच्यासारखं सपाट दिसतं. प्रत्यक्षात क्लबहाऊसपासून रेज क्रीक या ओढ्यापर्यंत जमीन सारखी उतरत जाते. एकट्या दहाव्या होलचा उतारच शंभर फुटांच्या वर आहे. पहिल्यांदा आलेला प्रेक्षक हमखास चकित होतो, आणि दुपारपर्यंत त्याच्या पोटऱ्या भरून येतात.

दरवर्षी तेच मैदान असल्यामुळे प्रेक्षकाला कथानकातली धोक्याची वळणं आधीपासून ठाऊक असतात. बाराव्या होलचंच घ्या. जेमतेम १५५ यार्डांचा, पट्टीचा खेळाडू सहज गाठेल असा. समोर ओढा, मागे बंकर म्हणजे वाळूचे खड्डे, मध्ये चिंचोळं ग्रीन आणि झाडांच्या कपारीत गोल फिरणारा वारा. २०१६ मध्ये जॉर्डन स्पीथ पाच फटक्यांच्या आघाडीने शेवटच्या नऊ होल्सकडे वळला. दहाव्यावर बोगी, अकराव्यावर बोगी, आणि बाराव्यावर दोनदा चेंडू पाण्यात; तीन फटक्यांच्या होलला सात लागले. २०१९ मध्ये फ्रान्चेस्को मोलिनारीचा चेंडू इथेच बुडाला आणि टायगर वूड्सला वाट मोकळी झाली. खुद्द टायगरने पुढच्याच स्पर्धेत याच होलवर दहा फटके घेतले. अकरावा, बारावा आणि तेरावा होल जिथे मिळतात त्या कोपऱ्याला हर्बर्ट वॉरन विंड या पत्रकाराने १९५८ मध्ये ‘आमेन कॉर्नर’ असं नाव दिलं, ते कायमचं चिकटलं.

या कोपऱ्याची एक खुबी प्रेक्षकाच्या बाजूने बघण्यासारखी आहे. लोक बाराव्याच्या टीमागे, म्हणजे जिथून पहिला फटका मारतात तिथे, उतारावर बसतात. ओढ्यापलीकडे प्रेक्षकांना मज्जाव. खेळाडू आणि त्याची बॅग उचलणारा कॅडी छोटा दगडी पूल ओलांडून पलीकडे जातात आणि तिथे अगदी एकटे असतात. हजारो माणसं दीडशे यार्डांवरून त्यांच्याकडे बघत असतात, पण खेळाडूचा चेहरा कुणालाही नीट दिसत नाही. चेंडू होलच्या किती जवळ थांबला याचा अंदाज खेळाडू पुढे कसा चालत गेला यावरून करायचा. पट आत गेला की क्षणभराने टाळ्यांची लाट पाणी ओलांडून पोचते.

क्लबची शिस्त कडक आहे. मोबाइल आत नेता येत नाही. स्पर्धेच्या दिवसांत कॅमेराही नाही. घरी फोन करायचाच असेल तर मैदानावर जुन्या पद्धतीच्या फोनची रांग आहे, फुकट. पळायचं नाही, त्यामुळे सकाळी दारं उघडली की साठीतले गृहस्थही पाय जमिनीवरून न उचलता जितक्या वेगाने चालता येईल तितक्या वेगाने ग्रीनकडे निघतात, आणि ते दृश्य गंभीर चेहऱ्याने बघणं अवघड असतं. हातात घडीची हिरवी खुर्ची असते. ती हव्या त्या ग्रीनच्या कडेला मांडायची, पाठीला आपल्या नावाचं कार्ड लावायचं आणि दिवसभर भटकायला मोकळं व्हायचं. तुमच्या गैरहजेरीत दुसरा कुणी तिच्यावर बसू शकतो. तुम्ही आलात की तो उठतो. खुर्ची चोरीला जात नाही. आपल्याकडे हे जमेल का, हा प्रश्न वाचकांनी स्वतःला विचारावा. मी एसटीच्या खिडकीतून टाकलेल्या रुमालावरून झालेली भांडणं पाहिलेली आहेत.

खाणं स्वस्त आहे, संशय यावा इतकं. पिमेंटो चीज सँडविच, म्हणजे चीजमध्ये लाल गोडसर मिरची कालवून मऊ पांढऱ्या पावात भरलेला प्रकार, दीड डॉलरला. अंड्याचंही तेवढ्यालाच. अमेरिकेतल्या बहुतेक स्टेडियमवर या पैशात पाण्याची बाटली मिळणार नाही. वेष्टन हिरवं, गवतावर पडलं तरी टीव्हीत उठून दिसू नये म्हणून. एकूण किती माणसं आली हे क्लब कधीही जाहीर करत नाही. टीव्हीवर जाहिराती तासाला चार मिनिटं. इतका पैसा हात जोडून दारात उभा असताना तो नको म्हणणं हा अतिश्रीमंतांनाच परवडणारा साधेपणा आहे, पण प्रेक्षकाच्या पदरात त्यातून खरंच चांगलं काही पडतं. फोन नसल्यामुळे माणसं एकमेकांशी बोलतात. कोण कुठे पोचला, कुणाचा चेंडू पाण्यात गेला, हे शेजाऱ्याला विचारावं लागतं. आणि कान उघडे ठेवावे लागतात.

कारण बातमी इथे आवाजाने पोचते. झाडांच्या दरीतून एक आरोळी येते आणि जाणकार मान वर करून दिशा बघतात: सोळावा. बर्डीची टाळी वेगळी, ईगलची गर्जना वेगळी. ती जमिनीतून आल्यासारखी वाटते असं ऐकणारे सांगतात. हुकलेल्या पटचा एक लांब, खाली घसरणारा ‘ओऽऽह’ असतो. लाडक्या खेळाडूसाठी उठलेला आवाज आणि नुसत्या चांगल्या फटक्याचा आवाज यांतलाही फरक नेहमीचे लोक ओळखतात.

खेळाडूही ओळखतात. खरं नाट्य इथे आहे. क्रिकेटमध्ये फलंदाज समोरच्या गोलंदाजाशी लढतो. इथे खेळाडूचा प्रतिस्पर्धी त्याला दिसतसुद्धा नाही, अर्ध्या मैलावरच्या आवाजातून तो त्याच्यावर चाल करून येतो. १९८६ चा रविवार या बाबतीत आजही दाखला म्हणून सांगतात. जॅक निकलस ४६ वर्षांचा होता. त्याचं आता संपलं असं अटलांटाच्या एका वृत्तपत्राने छापलं होतं. ते कात्रण त्याच्या मुक्कामाच्या घरात मित्राने फ्रिजच्या दारावर चिकटवून ठेवलं होतं. शेवटच्या नऊ होल्समध्ये म्हाताऱ्याने ३० फटके घेतले, पारपेक्षा सहा कमी. बॅग उचलायला त्याचा मुलगाच. पंधराव्यावर ईगल, सोळाव्यावर होलमध्येच पडता पडता राहिलेला फटका. मागच्या पंधराव्या होलच्या फेअरवेवर, म्हणजे टी आणि ग्रीन यांच्यामधल्या कापलेल्या पट्ट्यावर, स्पेनचा सेव्ह बायेस्तेरोस आघाडीवर होता आणि त्याला थांबून राहावं लागलं. पुढून गर्जना येत होत्या, त्या कुणासाठी हे त्याला सांगायची गरज नव्हती. मग त्याने चार नंबरची आयर्न ही काठी घेतली आणि चेंडू सरळ तळ्यात घातला. पुढे गेलेल्या निकलसच्या कानावर तेव्हा एक विचित्र आवाज आला, धड हळहळ नाही, धड आनंद नाही. काय झालं असणार हे आपल्याला न बघता कळलं, असं त्याने पुढे सांगितलं. तो एका फटक्याने जिंकला.

या आवाजाचं खरं मोल २०२० मध्ये कळलं. साथीमुळे स्पर्धा एप्रिलऐवजी नोव्हेंबरात झाली, प्रेक्षकांशिवाय. डस्टिन जॉन्सनने २६८ फटक्यांत, पारपेक्षा २० कमी घेऊन, स्पर्धेचा विक्रम केला. खेळ म्हणून त्यात काही उणं नव्हतं. पण चेंडू ग्रीनवर टप्पकन पडल्याचा आवाज आणि कॅडीचं पुटपुटणं, यापलीकडे काही ऐकू येत नव्हतं. विक्रम झाला, आठवण मात्र फारशी राहिली नाही.

आता या हिरवळीची दुसरी बाजू. ज्यांना इथे बसून ऐकायला मिळत होतं ते कोण होते? १९९० पर्यंत या क्लबचा एकही सदस्य कृष्णवर्णीय नव्हता. स्त्रियांना सदस्यत्व मिळायला २०१२ उजाडलं. १९८२ पर्यंत प्रत्येक खेळाडूला क्लबचाच कॅडी घ्यावा लागे आणि क्लबचे कॅडी कृष्णवर्णीय असत. म्हणजे बॅग उचलायला काळा माणूस सक्तीचा, पण स्पर्धेत खेळणारा पहिला काळा माणूस, ली एल्डर, १९७५ मध्ये आला. त्याला आधी धमक्या आल्या होत्या, म्हणून त्याने आठवडाभरासाठी दोन घरं भाड्याने घेतली आणि आलटून पालटून राहिला. १९९७ मध्ये २१ वर्षांचा टायगर वूड्स बारा फटक्यांनी जिंकत अठराव्याकडे चालत आला, तेव्हा क्लबचे कृष्णवर्णीय कर्मचारी हातातली कामं टाकून हिरवळीवर येऊन उभे राहिले. त्या संध्याकाळचा तो सर्वांत महत्त्वाचा प्रेक्षकवर्ग होता असं मी म्हणेन, आणि त्यांच्यापैकी कुणाहीकडे तिकीट नव्हतं. कॅडी आणि सदस्य यांच्यामधली भिंत आपल्याला परकी नाही. १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक अली शेर दिल्लीच्या क्लबवर कॅडी म्हणूनच वाढला होता.

ऑगस्टावर खेळलेला पहिला भारतीय जीव मिल्खा सिंग, २००७ मध्ये. पुण्यात जन्मलेला अनिर्बान लाहिरी २०१५ आणि २०१६ मध्ये तिथे खेळला. त्याचे वडील सैन्यदलात डॉक्टर, म्हणून जन्मगाव पुणे. तरीही मराठी वृत्तपत्रांच्या क्रीडापानावर मास्टर्सची बातमी तळाच्या चौकटीत जाते. याला वेळही कारणीभूत आहे: तिथली रविवारची संध्याकाळ म्हणजे इथली सोमवारची पहाट, अंक केव्हाच छापून झालेला.

२०२५ चा तो सोमवार १४ एप्रिल होता. आंबेडकर जयंतीची सुट्टी, म्हणून रात्र जागवणाऱ्यांना दुसऱ्या दिवशी कचेरी नव्हती. आणि जागणं सार्थकी लागलं असा रविवार गोल्फमध्ये क्वचितच येतो.

रोरी मॅकिलरॉय, उत्तर आयर्लंडच्या हॉलीवूड नावाच्या गावचा, वय ३५. चारपैकी तीन मेजर स्पर्धा त्याने पंचविशीपर्यंतच जिंकल्या होत्या, त्यांतली पीजीए चॅम्पियनशिप दोनदा. राहिली होती फक्त मास्टर्स. चारही जिंकणारे तोवर पाचच झाले होते: सॅराझेन, होगन, प्लेयर, निकलस, वूड्स. २०१५ पासून तो दरवर्षी या एका स्पर्धेसाठी यायचा आणि रिकाम्या हाताने जायचा. मास्टर्सच काय, २०१४ नंतर दुसरी कुठलीही मेजर त्याच्या हाती लागली नव्हती. त्याआधी २०११ मध्ये, विशीतच, तो चार फटक्यांची आघाडी घेऊन रविवारी उतरला होता. दहाव्यावर त्याचा चेंडू झाडावर आपटून लाकडी बंगल्यांच्या मधोमध गेला, आणि दिवसअखेर ८० फटके. २०२४ च्या यूएस ओपनमध्ये शेवटच्या तीन होल्सवर त्याने दोन पट असे हुकवले जे क्लबातला रविवारचा हौशी खेळाडूही दहातून नऊ वेळा घालेल. ती स्पर्धा जिंकली ब्रायसन डिशॅम्बोने. आणि आता शेवटच्या जोडीत मॅकिलरॉयबरोबर तोच डिशॅम्बो. पटकथाकाराने असं लिहिलं असतं तर दिग्दर्शकाने कागद परत केले असते.

गुरुवारी मॅकिलरॉयने दोन डबल बोगींनी चांगली चाललेली फेरी घालवली. शुक्रवारी ६६. शनिवारी पहिल्या सहाही होलवर तीन-तीन फटके, जे इथे कुणी केलं नव्हतं, आणि पुन्हा ६६. रविवारी दोन फटक्यांची आघाडी. आणि पहिल्याच होलवर डबल बोगी; आघाडी साफ. प्रेक्षकांच्या पोटात जो गोळा आला तो २०११ पासूनचा होता. पण तिसऱ्या-चौथ्यावर बर्डी, नवव्यावर, दहाव्यावर बर्डी, त्याच दहाव्यावर! पारपेक्षा १४ कमी, आघाडी चार फटक्यांची. डिशॅम्बो मागे पडला होता. लोक हसू लागले होते.

आता मैदानावरच्या फळ्यांबद्दल सांगायला हवं. ऑगस्टावर मोठे गुणफलक अजून हाताने लावतात. पांढरा फळा, डावीकडे आडनावं, वर होलचे आकडे. पारपेक्षा कमी असेल तर लाल अंक, जास्त असेल तर हिरवा. फळ्यामागे बसलेल्या माणसांना निरोप मिळतो, मग एका चौकटीतली पाटी आत ओढली जाते आणि नवी लागते. खेळाडू कुठे आहे हे न दिसणाऱ्या, हातात फोन नसलेल्या हजारो लोकांच्या नजरा त्या रिकाम्या चौकोनावर खिळतात. गर्दी गप्प होते. पाटी येते आणि मग आवाज फुटतो. विचार करा, खेळ बघायला आलेले लोक एका आकड्याकडे बघून ओरडतात, आणि तो आकडा ज्या फटक्याचा असतो तो पाच मिनिटांपूर्वीच मारून झालेला असतो.

तेराव्या होलच्या चौकटीत मॅकिलरॉयच्या नावापुढे लाल ११ लागला, तेव्हा बाराव्याखाली, मध्ये एक फटका गेल्यामुळे, लाल १३ होता. एका होलमध्ये दोन फटके गेले. लोकांना वाटलं पाटी चुकली. चुकली नव्हती. पाणी टाळायचं म्हणून त्याने दुसरा फटका मुद्दाम आखूड ठेवला होता. शंभर यार्डांच्या आतून, वेज या जवळच्या फटक्यांच्या काठीने मारायचा, त्याच्यासारख्याने झोपेत मारावा असा फटका उरला होता. डावीकडे ग्रीनचा मोकळा मैदानी भाग. चेंडू उजवीकडे गेला आणि काठावरून ओढ्यात घरंगळला. पाठोपाठ चौदाव्यावर बोगी.

तिकडे इंग्लंडचा जस्टिन रोझ, वय ४४, सकाळी सात फटके मागे होता. पहिल्या दिवशी ६५ मारून आघाडीवर होता, शनिवारी ७५ मारून विस्मरणात गेला होता. त्याने रविवारी दहा बर्डी केल्या. शेवटची अठराव्यावर, वीसेक फुटांवरून. ६६. पारपेक्षा ११ कमी, आणि तो क्लबहाऊसकडे निघून गेला. गर्जना आता दोन दिशांनी येत होत्या आणि मॅकिलरॉयला दोन्ही ऐकू येत होत्या.

पंधरावा. चेंडू फेअरवेच्या डाव्या अंगाला, समोर झाडं, मग तळं. सरळ रस्ता नाही. त्याने सात नंबरच्या आयर्नने दोनशेहून अधिक यार्डांचा फटका झाडांना वळसा घालून मारला, उजवीकडून डावीकडे वळत चेंडू तळ्यावरून गेला आणि होलपासून सहा फुटांवर थांबला. चेंडू हवेत असताना तो फेअरवेवर त्याच्यामागे चालत, जवळजवळ धावत निघाला होता. (धावायला बंदी प्रेक्षकांना आहे.) इतका अचाट फटका मारून सहा फुटांचा पट त्याने हुकवला, ईगल गेला, बर्डी मिळाली. त्या दिवशीचा मॅकिलरॉय असाच होता: जे अशक्य ते जमत होतं, जे सोपं ते जमत नव्हतं. सतराव्यावर चेंडू उंच उडाला आणि तो ओरडत सुटला, ‘जा, जा, जा!’ चेंडू दोन फुटांवर. बर्डी. एका फटक्याची आघाडी. अठराव्यावर साधा पार हवा. फेअरवेच्या मधून वेज, आणि चेंडू उजवीकडच्या बंकरमध्ये. वाळूतून बाहेर, पाच फुटांवर. पट डाव्या कडेने निघून गेला.

अठराव्याभोवती तेव्हा माणसांचे दहा-दहा थर उभे होते. मागच्यांना काहीच दिसत नव्हतं. त्यांना पुढच्यांच्या पाठी दिसत होत्या आणि त्या एकदम खचल्या. कळायला तेवढं पुरे होतं.

बरोबरी. दोघेही ११ कमी, दोघांचे २७७ फटके. आता जो एक होल जिंकेल तो स्पर्धा जिंकेल, आणि पुन्हा तोच अठरावा. गाडीतून टीकडे परत जाताना कॅडी हॅरी डायमंड, जो त्याचा लहानपणापासूनचा मित्र आहे, त्याला म्हणाला की सोमवारी सकाळी कुणी हे देऊ केलं असतं तर आपण आनंदाने घेतलं असतं. खेळाच्या इतिहासात यापेक्षा मोठी भाषणं झाली असतील, पण त्या घडीला यापेक्षा शहाणं काही बोलता आलं असतं असं मला वाटत नाही. रोझचा दुसरा फटका होलपासून पंधरा फुटांवर. मॅकिलरॉयचा उताराला लागून मागे घरंगळत आला, चारेक फुटांवर. रोझचा पट हुकला. मॅकिलरॉयचा आत गेला.

पटर मागे फेकला गेला, तो गुडघ्यांवर कोसळला आणि कपाळ हिरवळीवर टेकून रडू लागला. आपल्याकडे पहाटेचे पावणेपाच वाजत आले होते. बुधवारी, हौसेखातर होणाऱ्या पार-थ्री स्पर्धेत, त्याच्या चार वर्षांच्या मुलीने, पॉपीने, एक लांबलचक पट आत घातला होता आणि त्या आठवड्यातली पहिली मोठी आरोळी तिच्यासाठी उठली होती. आता ती वडिलांच्या कडेवर होती. भोवतीचे लोक ‘रोरी, रोरी’ करत होते, आणि त्या आवाजात आनंदापेक्षा सुटका जास्त होती. चार डबल बोगी करून मास्टर्स जिंकणारा हा पहिला माणूस. आदल्या वर्षीच्या विजेत्याने, स्कॉटी शेफलरने, त्याला विजेत्याचा हिरवा कोट चढवला.

रोझ २०१७ मध्येही इथे अशाच बरोबरीनंतरच्या प्लेऑफमध्ये हरला होता, सर्जिओ गार्सियाकडून. शेवटच्या दिवशी दहा बर्डी करून माणूस हरतो, आणि ७३ फटके मारणारा जिंकतो. गोल्फमध्ये न्याय नसतो. चार दिवसांचा हिशेब असतो. हा खेळ कंटाळवाणा म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. गुरुवारी तो असतोच.

पण एकदा बघायचाच असेल तर एप्रिलमधल्या मास्टर्सचा शेवटचा दिवस, रविवार, निवडा. रात्री बाराला बसायची गरज नाही. गजर सव्वादोनचा लावा; तोवर आघाडीची जोडी दहाव्या होलपाशी आलेली असते. आणि घरच्यांची झोप मोडेल म्हणून टीव्हीचा आवाज बंद करून बसू नका, कानाला हेडफोन लावा.